‘तर’ या अव्ययाचा भार : पाऊसपाण्याच्या म्हणींचे एक वाचन

पाऊसपाण्याच्या म्हणींविषयी आपल्याकडे दोन प्रकारे लिहिले जाते. एक पक्ष त्यांना देशी ज्ञानाचे भांडार मानतो, दुसरा त्यांची नोंद अंधश्रद्धेच्या खात्यात करतो. दोहोंचे गृहीत मात्र एकच आहे : म्हण म्हणजे भाकीत, आणि ते खरे ठरले की खोटे एवढाच काय तो प्रश्न. म्हणीच्या वाक्यरचनेकडे सहसा कोणी पाहत नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासकाने तरी ते पाहायला हवे.

‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही सर्वपरिचित म्हण घेऊ. ऑक्टोबरअखेर सर आली की छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यासारख्या निव्वळ शहरी वस्तीतही ती ऐकू येते. या म्हणीत स्वातीचा पाऊस पडेल असे कोठेही म्हटलेले नाही. पहिले क्रियापद भविष्यकाळी आहे खरे. पण ‘तर’ या अव्ययाने संपूर्ण विधान संकेतार्थी झाले आहे. बोलणारा आभाळाविषयी काहीच कबूल करत नाही. आभाळातून जे येईल त्याचा शेतात काय अर्थ होईल, एवढेच तो सांगतो. म्हणजे हे भाकीत नसून एक प्रकारचे भाष्य आहे, आणि भाष्याला लागणारी संहिता अजून यायची आहे. शिवाय संस्कृत कविसंकेतात स्वातीच्या थेंबाचा मोती शिंपल्यात होतो. म्हणीने समुद्र आणि शिंपला दोन्ही वगळून तो मोती ज्वारीच्या कणसात आणून ठेवला. मराठवाड्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेल्या रब्बी ज्वारीला ऑक्टोबरअखेरची ओल मिळाली तर दाणा टपोरा भरतो. रूपक येथे अलंकार म्हणून आलेले नाही. त्याला पिकाचा आधार आहे.

हा आधार सुटला की काय होते? याच शहराबाहेर पैठण-गंगापूरच्या बाजूला आज कापूस मोठ्या प्रमाणावर आहे. मराठवाड्याच्या बऱ्याच भागांत सोयाबीननेही जुन्या पिकांची जागा घेतली आहे. 2019 साली ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ऐन स्वातीत, पाऊस पडला. फुटलेली बोंडे भिजली, काढून ठेवलेल्या सोयाबीनला कोंब आले. म्हण शब्दशः तीच राहिली, ‘तर’च्या अलीकडचा अर्धा भाग खराही झाला, पलीकडचा अर्धा भाग उलटला. हवामान बदलले म्हणून म्हणी कालबाह्य झाल्या असे आपण सहज म्हणतो. येथे त्याआधी पीक बदलले आहे.

म्हणीच्या बाजूने बोलताना यमकाच्या मोहाकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’ ही म्हण काही ठिकाणी ‘उत्तरा’ऐवजी ‘चित्रा’ घालून म्हटली जाते. उत्तरा निघते सप्टेंबरच्या मध्याला, चित्रा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. सुमारे चार आठवड्यांचे हे अंतर कुत्र्याला कळत नाही, कारण यमक दोन्हींशी जुळते. शिवाय भाताची ही म्हण ज्वारी-बाजरीच्या मुलखात उच्चारली जाते तेव्हा तिच्यात निरीक्षण किती आणि लय किती, हे तपासलेच पाहिजे.

खरे भाकीत वेगळे असते. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला वाहन दिलेले असते : बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर पाऊस भरपूर, कोल्हा, मेंढा असेल तर कमी. ते ठरते सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून आलेल्या संख्येला 9 ने भागून. शेतातला बेडूक ओरडतो. पंचांगातला बेडूक म्हणजे भागाकारात उरलेले 3. येथे ‘तर’ नाही, सरळ विधान आहे. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय तृतीयेला होणारी घटमांडणीही याच जातीची. तेथे घटातील मातीच्या चार ढेकळांवरून पावसाचे चार महिने सांगितले जातात. गंमत अशी की हवामानखात्याचा आजचा मोसमी अंदाज शक्यतेच्या टक्केवारीत येतो. व्याकरणाच्या दृष्टीने तो पंचांगापेक्षा म्हणीला जवळचा आहे.

उन्हाळ्याचे स्थान या परंपरेत चमत्कारिक आहे. उन्हाळ्याचे भाकीत क्वचितच कोणी करते. उन्हाळा हेच भाकिताचे साहित्य. कावळ्याने घरटे कोणत्या झाडावर, किती उंच बांधले. बहावा केव्हा फुलला. रोहिणी किती तापली, या खुणा वाचायच्या त्या पुढच्या ऋतूसाठी. मात्र यांतील बऱ्याच खुणांना म्हणीचे बांधीव रूप आलेले नाही. त्या गद्यातच सांगितल्या जातात, आणि सांगणारा ‘म्हणतात’ हा शब्द जोडून जबाबदारी झटकतो.

या ज्ञानाला सनातन म्हणणाऱ्यांनी एक साधे गणित करावे. अयनचलनामुळे निरयन नक्षत्रे ऋतूंच्या मानाने सुमारे 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. आज मृग 7-8 जूनला निघतो आणि मराठवाड्यातील पावसाच्या आगमनाशी जवळपास जुळतो. सहाव्या शतकात, वराहमिहिराच्या काळी, तो ऋतुमानाने सुमारे वीस दिवस अलीकडे, ऐन उन्हाळ्यात होता. जूनच्या पहिल्या पंधरवड्याचा पाऊस तेव्हा आर्द्रेच्या वाट्याला येत असणार. ‘मृग म्हणजे पेरणी’ हे समीकरण पुढच्या शतकांत जमले आहे, म्हणजेच त्याला इतिहास आहे. हा इतिहास नाकारून या म्हणींचा गौरव करणे म्हणजे त्या ज्यांनी घडवल्या त्यांचेच निरीक्षण नाकारणे होय.

आपल्या संग्रहांनी नेमके हेच केले. 1899 साली प्रसिद्ध झालेल्या मॅनवेअरिंग यांच्या मराठी म्हणींच्या संग्रहात शेतीचा स्वतंत्र वर्ग आहे. नंतरच्या कोशांनी शब्द आणि अर्थ काळजीपूर्वक दिले. पण म्हण कोणत्या पिकात, कोणत्या जमिनीवर, कोणाच्या तोंडी आली, याला नोंदीत जागा नसते. ‘पिकतील मोती’ असे रब्बी ज्वारीचा शेतकरी म्हणतो तेव्हा ती आशा असते. भिजलेला कापूस वेचणारी बाई तेच शब्द उच्चारते तेव्हा तो उपरोध असतो. कोशात या दोघांची मिळून एकच नोंद होते.