छपरावरचे सौर आणि दवाखान्यातले वॉर्मर

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना’ जाहीर झाली आणि घरच्या सौरविजेचा विषय पानठेल्यापासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत पोचला. भंडारा जिल्हाही त्याला अपवाद नाही. तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले, हा आकडा सर्वांना पाठ असतो. त्याबरोबर दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘आता लाईन गेली तरी आपल्या घरी उजेड’ हे पहिले, आणि ‘आपल्याकडचं ऊन असं कडक, वीज भरपूर होणार’ हे दुसरे.

दुसऱ्या वाक्यात उजेड आणि उष्णता यांची गल्लत आहे. पॅनेलला हवा असतो उजेड. उष्णतेने उलट नुकसान होते. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के घट होते. मे महिन्याच्या दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर सुमारे १४ टक्के शक्ती तिथेच जाते.

पहिले वाक्य मात्र सरळ चूक आहे, आणि त्यामागचे कारण वर्गात सांगण्याजोगे आहे. बॅटरी नसलेल्या, ग्रीडला जोडलेल्या संचाचा इन्व्हर्टर ग्रीडच्या ५० हर्ट्झच्या तालावर चालतो. तो ताल थांबला की इन्व्हर्टरही थांबतो, आणि थांबलाच पाहिजे. नाहीतर घरातली वीज उलट्या दिशेने रोहित्राकडे जाईल. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते. घरच्या २३० व्होल्टच्या बाजूने वीज शिरली, तर पलीकडे ११,००० व्होल्ट उभे राहू शकतात, आणि तिथे खांबावर लाईनमन असतो. त्याने लाईन बंद केलेली असते. म्हणजे गावात अंधार आणि छपरावर लखलखीत ऊन असतानाही सौर बंद, ही त्या यंत्राची शिस्त आहे. बॅटरी आणि त्याला योग्य इन्व्हर्टर असेल तर घराला ग्रीडपासून तोडून वीज घेता येते. पण त्याचा खर्च वेगळा.

असे समज पसरतात यात लोकांचा दोष थोडा. आपण फळ्यावर सूर्य, पॅनेल आणि दिवा काढतो, मध्ये बाण देतो आणि धडा संपवतो. ऊर्जेचे रूपांतर त्यात येते; जोडणी, सुरक्षा आणि देखभाल येत नाही. यंत्र आले की काम झाले, अशी समजूत त्या बाणातूनच घडते.

हीच समजूत दवाखान्यात किती महाग पडते, हे या जिल्ह्याने सोसले आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बालके दगावली. ७ बालकांना वाचवता आले. चौकशीत शॉर्ट सर्किट आणि निष्काळजीपणा दोन्ही पुढे आले, काहींचे निलंबन झाले. लोकांचा निष्कर्ष ठरलेला होता : ‘सरकारी दवाखाना म्हणजे असंच.’

हा राग खोटा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण निष्कर्ष म्हणून तो अपुरा आहे. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून किमान १३ रुग्ण गेले. विद्युतप्रवाहाला सरकारी-खासगी कळत नाही. सांधा सैल झाला की तिथला रोध वाढतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत निर्माण होते. वॉर्मर रात्रंदिवस चालतात, म्हणजे तो सांधा निवायला वेळच मिळत नाही. कक्षात ऑक्सिजन दिला जात असतो; हवेत त्याचे प्रमाण वाढले तर ठिणगी झपाट्याने आग होते. जोडणी कोणी व कधी तपासली, रात्रपाळीला कक्षात कोण हजर होते, अग्निशामक नळकांडे चालवता येणारे किती, हे प्रश्न ‘सरकारी’ या एका शब्दाखाली दबून जातात. शिवाय कमी वजनाच्या गरिबाघरच्या बाळाला असाच सरकारी कक्ष आधार असतो. त्या शब्दावर फुली मारून त्याची आई कुठे जाणार?

छत्तीसगडमध्ये क्रेडा या संस्थेने शेकडो आरोग्य केंद्रांवर बॅटरीसह सौरसंच बसवले. त्यातली पाहण्यासारखी बाब पॅनेलची संख्या नव्हे. दुरुस्ती व देखभालीला माणसे नेमून दिली, ही आहे.

शिक्षकांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीने नववी-दहावीच्या मुलांना जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. अग्निशामक नळकांड्यावरच्या चिठ्ठीत पुन्हा भरण्याची तारीख असते, ती मुलांनी वाचावी. लसींच्या फ्रिजचे तापमान २ ते ८ अंशांच्या आत ठेवायचे असते आणि त्याची नोंद दिवसातून दोनदा करायची असते. ती वही मागावी, आणि रविवारच्या नोंदी आधी पाहाव्यात.