‘दंगल’मधील वस्ताद : प्रशिक्षण, मन आणि माणूसपण

प्रस्तावना :
क्रीडाप्रशिक्षणाचे यशापयश सामान्यतः पदकांवरून मोजले जाते. त्यामुळे घडविणारा आणि घडणारा यांच्या नात्यात खेळाडूच्या मनाचे काय होते, हा प्रश्न मागे पडतो. नितेश तिवारी दिग्दर्शित ‘दंगल’ (२०१६) या हिंदी चित्रपटाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हरियाणातील महावीरसिंह फोगाट आणि त्यांच्या कन्या गीता व बबिता यांच्या जीवनावर हा चित्रपट बेतलेला आहे. तथापि येथील विवेचन चित्रपटातील व्यक्तिरेखांपुरतेच मर्यादित आहे.

विवेचन :
पूर्वार्धात महावीर मुलींना पहाटे धावायला लावतो, त्यांचे केस कापवतो. त्यांची संमती तो विचारत नाही. मुलींचा विरोध दिग्दर्शकाने विनोदी गीतात गुंडाळला आहे. पुढे बालवयातच लग्न होणारी मैत्रीण त्यांना, तुमचा बाप निदान तुमचा विचार तरी करतो, अशा आशयाचे सांगते आणि मुलींचे मन पालटते. प्रसंग हृद्य आहे. परंतु बालविवाहापेक्षा आखाडा बरा, एवढ्याने आखाड्यातील सक्ती न्याय्य ठरत नाही.

उत्तरार्धात गीता पतियाळाच्या अकादमीत जाते. तेथे ती केस वाढवते, नखे रंगवते, स्वतःच्या मताने वागू लागते. घरी आल्यावर ती बापाला कुस्तीत हरवते. त्यानंतर मात्र आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तिला सतत पराभव पत्करावा लागतो. या दोन गोष्टी चित्रपट अशा रीतीने जोडतो की, तिचे मोठे होणे हाच जणू तिचा अपराध ठरतो. पुढे ती दूरध्वनीवर रडत क्षमा मागते. बाप मात्र कधीही क्षमा मागत नाही. व्यक्तिमत्त्वाच्या विकासाला वाट चुकणे समजणारी ही दृष्टी चित्रपटातील सर्वांत मोठी उणीव होय.

शेवट मात्र या दृष्टीला ओलांडतो. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतील अंतिम कुस्तीच्या वेळी महावीर एका खोलीत कोंडला गेलेला असतो. लहानपणी बापाने पाण्यात ढकलल्याची आठवण गीताला बळ देते आणि ती एकटीच जिंकते. वस्ताद एक डाव स्वतःकडे राखून ठेवतो, असे आपल्याकडे म्हणतात. येथे वस्तादाने काहीच राखलेले नाही. शिष्याला आपली गरज न उरणे, हेच प्रशिक्षणाचे साफल्य आहे, हे चित्रपटाने अचूक ओळखले आहे. परंतु त्यासाठी त्याला राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या (भूमिका : गिरीश कुलकर्णी) कारस्थानाचा कल्पित प्रसंग योजावा लागला. महावीर स्वतःहून बाजूला झाला असता, तर ते त्याच्याही माणूसपणाचे वाढणे ठरले असते.

निष्कर्ष :
टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली सिमोन बाइल्सने मानसिक स्वास्थ्याचे कारण देऊन सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली आणि २०२४ साली पॅरिसमध्ये पुन्हा सुवर्णपदके मिळविली. खेळाडूचा नकार ऐकून घेतल्याने खेळ संपत नाही, हे यावरून दिसते. महाविद्यालयीन जिमखान्यात वावरणाऱ्या आपण अध्यापकांनी ‘दंगल’ पाहताना महावीरच्या जिद्दीबरोबरच, ज्यांना कधी विचारलेच गेले नाही त्या दोन मुलींकडेही पाहिले पाहिजे. आपल्या संघातील एखादा विद्यार्थी सरावाला येण्याचे एकाएकी थांबवतो, तेव्हा हजेरीपटावर फुली मारण्यापूर्वी त्याला कारण विचारणे, हा प्रशिक्षणाचाच भाग आहे.