अश्रू कोणाचे, मुक्ती कोणाची?

आपल्या चित्रपटात अस्पृश्यतेचा प्रश्न आला की शेवटाकडे बहुधा हृदयपरिवर्तनाचा एक प्रसंग येतो. सवर्ण पात्राचे डोळे उघडतात, ते रडते आणि त्याच्यासोबत प्रेक्षक रडतात. प्रस्थापित समीक्षा या रडण्याला चित्रपटाचे यश समजते. मला हे रडणेच तपासावेसे वाटते. रडणारा नेमका कोणासाठी रडतो आणि त्या प्रसंगात मुक्ती कोणाची होते, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय अशा चित्रपटाचे मूल्यमापन पुरे होत नाही.

बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ 1959 साली आला. पटकीने आईबाप गेलेली अस्पृश्य मुलगी एका ब्राह्मण इंजिनिअरच्या घरी वाढते. घरची बाई चारू तिला सांभाळते. पण चारचौघांत ती ‘मुलगी’ नसते, ‘मुलीसारखी’ असते. पोटच्या मुलीसाठी योजलेला मुलगा सुजातालाच पसंत करतो तेव्हा चारूचा तोल सुटतो. ती जिन्यावरून पडते, रक्ताची गरज लागते आणि जुळते ते फक्त सुजाताचे रक्त. शुद्धीवर आलेली चारू तिला मुलगी म्हणून जवळ घेते. नूतनचा संयत अभिनय आणि सुलोचनाबाईंची चारू यांमुळे हा प्रसंग काळजाला भिडतो. पुढे ‘मराठा तितुका मेळवावा’त जिजाऊ साकारणाऱ्या सुलोचनाबाईंचे आईपण मराठी माणसाने आपले मानले होते. म्हणून त्यांनी घेतलेली ती मिठी आपल्याकडे अधिकच खोल गेली.

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत हा चित्रपट दूरदर्शनवर लागला तेव्हा गावात मोजकेच संच होते. एका बागायतदाराच्या ओसरीवर गाव जमले होते. बौद्धवाड्यातली आम्ही माणसे खाली अंगणात होतो. शेवटच्या प्रसंगाला ओसरी रडली आणि अंगणही रडले. घरची बाई पदराने डोळे पुसत कितीतरी वेळ त्या माउलीचे गुण गात होती. मग माझ्या आत्याने पाणी मागितले. बाईने तांब्या आणला आणि आत्याच्या ओंजळीत वरून पाणी धरले. त्या बाईचे रडणे ढोंगी होते असे मी म्हणणार नाही. ती मनापासून रडली होती. चित्रपटाने तिच्याकडे अश्रूंपलीकडे काही मागितलेच नव्हते, आणि जे मागितले ते तिने देऊन टाकले होते.

आत्याही रडली होती. ‘लेक’ हा शब्द ऐकून रडली होती. ज्या ओसरीचे शेण-पाणी तिने वर्षानुवर्षे केले तिथे तिला हा शब्द कोणी दिला नव्हता. पण घरी येताना ती म्हणाली, “रगत द्यावं लागलं पोरीला, तवा कुठं लेक म्हनली ती.” ‘सुजाता’वर मी पुष्कळ वाचले; या एका वाक्याइतकी नेमकी समीक्षा मला कुठे आढळली नाही.

आत्याने बोट ठेवले ते किमतीवर. 1936 च्या ‘अछूत कन्या’त देविका राणीची कस्तुरी रेल्वेच्या फाटकावर जीव देते, मग तिचे थोरपण सिद्ध होते. 1959 मध्ये जिवाऐवजी रक्तावर भागते. अस्पृश्याने आपले माणूसपण आधी सिद्ध करायचे आणि सवर्णाने मग ते मान्य करायचे, हा व्यवहार तसाच राहतो. ‘अछूत कन्या’ आला त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जातिनिर्मूलनावरचे भाषण लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला पेलवले नाही. परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. जातीचा आधार धर्मशास्त्राच्या प्रामाण्यात आहे, तो काढा, असे ते सांगत होते. पडद्यावरचे हृदयपरिवर्तन या आधाराला हात लावत नाही. एक चांगली बाई अधिक चांगली होते आणि व्यवस्था जागच्या जागी राहते.

रक्त सर्वांचे सारखेच, हा ‘सुजाता’चा युक्तिवाद आहे. पण हे कोणाला ठाऊक नव्हते? पिंपळगाव रेणुकाईला हिरव्या मिरचीचा मोठा बाजार भरतो. मिरची तोडणाऱ्या हातांची जात कोणी विचारत नाही. त्या मिरचीला विटाळ होत नाही. विटाळ तांब्याला होतो. म्हणजे जात हा गैरसमज नव्हे. कुठे शिवायचे आणि कुठे नाही, याचा तो चोख हिशेब आहे. माणूस हक्क मागू लागला की हा हिशेब उघडा पडतो. जुलै 1978 मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि आमच्या मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. नाव यायला 14 जानेवारी 1994 उजाडला. त्या आगीपुढे ‘सुजाता’चे अश्रू किती तोकडे होते!

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (2013) हा व्यवहारच नाकारला. कैकाडी कुटुंबातला जब्या गावासमोर बापाबरोबर डुकरामागे धावतो. शाळेतली मुले हसतात आणि ज्या शालूवर त्याचा जीव जडला आहे तीही हसते. राष्ट्रगीत लागते तेव्हा बापलेक ताठ उभे राहतात आणि डुक्कर निसटते. पुढे ते डुक्कर बाबासाहेबांचे चित्र असलेल्या भिंतीवरून वाहून नेले जाते. शेवटी जब्या दगड उचलतो. तो दगड सरळ प्रेक्षकाच्या दिशेने येतो आणि चित्रपट संपतो. इथे कोणी जब्याला पोटाशी धरत नाही, कोणाला पश्चात्ताप होत नाही. प्रेक्षकाच्या हाती पावती म्हणून एक अश्रूही दिला जात नाही.

हा निव्वळ संताप आहे, यात उत्तर कुठे आहे, असे काहीजण म्हणतात. उत्तर देण्याची जबाबदारी मार खाणाऱ्या पोरावर का टाकावी? तो दगड प्रश्न आहे आणि ज्यांनी उत्तर द्यायचे त्यांच्याकडेच तो फेकलेला आहे.

मात्र एक धोका मला दिसतो. या दगडावर टाळ्या पडतात. टाळी वाजवणारा स्वतःला जब्याच्या बाजूला उभा करतो आणि दगड शेजारच्यासाठी होता असे समजून घरी जातो. तसे झाले तर ही टाळीही जुन्या अश्रूइतकीच स्वस्त ठरेल. हा इशारा आपल्यालाही लागू आहे. बौद्धवाड्यातल्या आपण कैकाड्याच्या पोराकडे कसे पाहतो, मांगवाड्याशी रोटीबेटी किती ठेवतो, हेही तो दगड विचारतो.

म्हणून प्रसंग किती रडवतो या मापाने चित्रपट मोजणे आपण सोडले पाहिजे. तो प्रेक्षकाकडे काय मागतो, हे पाहिले पाहिजे. ‘सुजाता’ने करुणा मागितली आणि ती भरभरून मिळाली. ‘फँड्री’ने न्याय मागितला आहे, तो अजून कोणी दिलेला नाही.