चांदीची दौत आणि नांगराची निशाणी

मंडळी, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या दौती बघताना माणूस हमखास नक्षीपाशी थांबतो. आम्हीही थांबलो. त्यातून वस्तू चांदीची असली की विचारूच नका, "काय कारागिरी!" म्हणायचं आणि पुढच्या कपाटाकडे वळायचं. आमची तक्रार आहे ती या वळण्याबद्दल.

लांबट कलमदान, आत बोरू, टोकाशी दौत. कमरेला खोचलं की कारकून हिंडायला मोकळा. काजळाची शाई पितळेच्या दौतीतही तितकीच काळी राहते. मग चांदी कशाला? ती समोर बसलेल्याला दिसावी म्हणून! आणि समोर बसलेला बहुधा निरक्षर. जुन्या कागदांवर कुणब्याची सही नसते, 'निशाणी नांगर' असते. मजकूर दुसऱ्याच्या हातचा, नांगर तेवढा याचा. दिवाळीत दौतीला महाकाली मानून पूजतात. ज्याच्या नावावर कर्ज मांडलं जायचं त्याला हे नाव पटलं असतं, पण पूजा मात्र वहीवाल्याच्या घरी!

इथे, वडगाव रासाईत, ही गोष्ट परकी नाही. आपल्याच शिरूर तालुक्यात, करडे गावी, १८७४ च्या अखेरीस लोकांनी सावकारावर बहिष्कार टाकला. पुढच्या मे महिन्यात भीमेपलीकडे सुप्याच्या बाजारात उठाव झाला, आणि तो गावोगाव पसरला. शेतकरी सावकाराच्या दारात जाऊन काय मागत होते? खतं आणि रोखे. मिळाले की जाळायचे. म्हणजे लेखणीचा जोर कुठे साठतो हे त्या न शिकलेल्या माणसांना आपल्या कलासमीक्षकांपेक्षा नेमकं कळलं होतं. सरकारलाही कळलं, १८७९ च्या कायद्यानं शेतकऱ्यांचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिणं आलं.

आता कोणी म्हणेल, सोनाराच्या हाताचं कौतुक करायचंच नाही का? करू या की. तो बिचारा तर बहुतेक वेळा निनावीच राहिला. पण कपाटातल्या पाटीवर धातू आणि शतक एवढंच लिहून भागत नाही. दौतीशेजारी एक कर्जरोखा मांडावा, खाली नांगराची निशाणी असलेला. तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर, जुन्या रुमालात बांधलेले असे कागद असतील तर ते आधी दाखवा. आम्ही थोडं थांबू. मोडी वाचता येणारं कोणी बसलंय का इथे?