तांब्या कोणाच्या हातात?

औद्योगिक अभिकल्पाचे शिक्षण स्त्रियांना खुले झाले, एवढ्यावरच समाधान मानणारे लेखन मी वाचते तेव्हा मला एक भेद स्पष्ट करावासा वाटतो. दार उघडणे वेगळे आणि आत जागा देणे वेगळे. घरातल्या पहिल्या पदवीधराला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही.

१९१९ साली जर्मनीत वायमार येथे बाऊहाउस ही संस्था निघाली. स्त्री-पुरुष भेद पाळणार नाही, असे संस्थापक ग्रोपियस यांनी जाहीर केले. स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या, तेव्हा मात्र बहुतेकींना विणकामाकडे वळवण्यात आले. गुंटा श्टोल्झल यांनी तीच कार्यशाळा नावारूपाला आणली. मारिआने ब्रांट धातुकामात शिरल्या आणि त्यांनी दिवे, चहादाण्या घडवल्या. पण अपवादाने नियम झाकत नाही. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. बाऊहाउसमध्ये तेच लिंगाच्या आधारे घडले.

आपल्याकडे काय घडले? १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारला अहवाल दिला. १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय संस्था उभी राहिली. अहवालात तांब्याचे मनापासून कौतुक आहे. तो कोणत्या हातांनी उचलायचा, डोक्यावरून न्यायचा की कमरेवरून, असे मार्मिक प्रश्न आहेत. एक प्रश्न मात्र राहून गेला: या तांब्याला कोणी शिवायचे नाही? ज्या देशात पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, तेथे तांब्याचा आकार हाताने ठरतो, पण त्याचा स्पर्श जातीने ठरतो. हा प्रश्न वगळून शिकवलेले सौंदर्यशास्त्र अर्धेच राहते.

मैला वाहणाऱ्या स्त्रीचेच पाहा. झाडू, पत्रा आणि टोपली ही तिची हत्यारे. १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायद्याने या कामावर बंदी आली. सहृदय अभिकल्पक तिला हलकी, न गळणारी टोपली करून देईल. पण ही टोपली सुधारायची नाही, मोडायची आहे. कोणती वस्तू घडवायची नाही, हेही अभिकल्पाच्या शिक्षणाने शिकवले पाहिजे. आणि ते सांगण्याचा पहिला अधिकार तिचा, तिच्या लेकीचा आहे.

म्हणून माझी मागणी केवळ जागांची नाही. आमच्या मुलींनी पाहणीचा नमुना म्हणून नव्हे, तर विद्यार्थिनी आणि शिक्षिका म्हणून त्या वर्गात बसले पाहिजे. इंग्रजी आणि महागडी शिकवणी यांची चाळण लावून त्यांना बाहेर ठेवायचे आणि नंतर त्यांच्याच वस्तीत 'वापरकर्त्यांचा अभ्यास' करायला यायचे, हा व्यवहार आता थांबला पाहिजे.