दोन गुरूंचं भांडण

महाड-पोलादपूरकडच्या शाळेतल्या मुलांच्या चित्रकलेच्या वह्या मी बऱ्याच पाहिल्यात. शिवाजी महाराज, गणपती आणि डोंगरांमधून उगवणारा सूर्य, या तीन गोष्टी जवळपास प्रत्येक वहीत असतात. यात नवल काही नाही. रायगड महाड तालुक्यात, तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यात, आणि पोलादपुराहून आंबेनळी घाट चढला की प्रतापगड. नवल याचं वाटतं की ही मुलं जे डोंगर काढतात ते त्रिकोणी असतात.

आपले डोंगर त्रिकोणी नाहीत. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालाय. त्यामुळे इथल्या डोंगरांना आडवे पट्टे असतात, उभे तुटलेले कडे असतात आणि माथा पुष्कळदा सपाट असतो. महाडकडून रायगडाकडे निघालात की समोर एक प्रचंड ठोकळा दिसतो. तरी हात वळतो तो त्रिकोणाकडे. कारण डोंगर कसा काढायचा हे हात डोंगराकडून शिकलेलाच नाही. तो पाठ्यपुस्तकाकडून, कॅलेंडराकडून, आधीच्या बाकावरच्या मुलाकडून शिकलाय.

मग चित्रकाराची स्वतःची शैली येते कुठून? ऑनलाइन मिळणारं उत्तर ठरलेलं आहे: भरपूर बघा, भरपूर काढा, शैली आपोआप येईल. मला हे उत्तर अर्धंच वाटतं. भरपूर बघून भरपूर काढणाऱ्या हजारो लोकांची चित्रं एकमेकांसारखीच का दिसतात, याचं उत्तर त्यात नाही. माझं म्हणणं असं आहे की, एकमेकांशी न पटणारे दोन गुरू भेटले आणि त्यांचं भांडण चित्रकाराला स्वतः मिटवावं लागलं, तरच शैली तयार होते.

महाराजांच्याच चित्रांपासून सुरुवात करू. सतराव्या शतकातली त्यांची जी लघुचित्रं युरोपातल्या संग्रहांमध्ये पोचली, ती दख्खनी शैलीतली आहेत. त्या शैलीत शरीर झग्याच्या आत असतं. दंडाचे स्नायू दाखवणं हा तिचा विषयच नाही; कापडाची घडी, हातातलं शस्त्र, चेहऱ्याची ठेवण हा तिचा विषय. आपल्या आजोबांच्या पिढीच्या डोळ्यांसमोरचे महाराज मात्र दीनानाथ दलालांच्या रेषेतून आले. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘राजा शिवछत्रपती’मधली चित्रं दलालांची. शासकीय कार्यालयांत दिसणारं अधिकृत चित्र कोल्हापूरच्या जी. कांबळे यांचं, ते सिनेमाची पोस्टरं रंगवण्यातले दादा माणूस होते. आणि आज मोबाइलच्या वॉलपेपरवरचे महाराज व्हिडिओ गेममधल्या योद्ध्यासारखे पिळदार दिसतात. चारही चित्रांचा विषय एकच, पण प्रत्येक चित्रामागे वेगळी शाळा उभी आहे.

दलालांची गोष्ट इथे महत्त्वाची आहे. जन्म 1916चा, मडगावचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. तिथे पाश्चात्त्य पद्धतीचं शिक्षण: हाडं, स्नायू, छायाप्रकाश. पण पोट भरायचं ते मासिकांवर आणि पुस्तकांवर. तेव्हाच्या छपाईत स्वस्तात छापायचं तर लाइन ब्लॉक. जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडने कोरलेल्या या ब्लॉकला करडा रंग माहीतच नाही. एक तर काळं, नाही तर पांढरं. करडी छटा हवी तर हाफटोनचे ठिपके, आणि खरबरीत कागदावर ते ठिपके शाई पिऊन एकमेकांत मिसळायचे. म्हणजे कॉलेज सांगतंय ‘छाया दाखव’, आणि छापखाना सांगतोय ‘छाया विसर’. दलालांची लवचीक रेषा या दोघांच्या मध्ये उभी आहे. कुठे जाड, कुठे केसासारखी बारीक होत ती घडीची खोली आणि मानेचा कल एकटीने दाखवते. शरीराचं ज्ञान कॉलेजचं, काटकसर छापखान्याची, आणि कुठे थांबायचं हा निर्णय दलालांचा. 1945मध्ये त्यांनी ‘दीपावली’ काढला तेव्हा मुखपृष्ठावर रंग मनसोक्त वापरता आले. पण रंगातसुद्धा त्यांची रेषा हरवत नाही.

शेजारी रघुवीर मुळगावकर ठेवा. तेही गोव्याचे, जवळपास त्याच वयाचे. पण त्यांचं भांडण वेगळं होतं. देवादिकांची कॅलेंडरं आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठं, दोन्ही एकाच हाताला काढायची. एकीकडे भक्ती हवी, दुसरीकडे पुस्तकाच्या दुकानात चालत्या गिऱ्हाइकाला थांबवायचं. मुळगावकरांनी दोन्हीकडे तोच उपाय वापरला: स्प्रेने आणलेली मऊ झळाळी. लक्ष्मीचा गाल आणि रहस्यकथेतल्या नायिकेचा गाल एकाच उजेडात चमकतो. काहींना हे गोड-गोड वाटतं, मलाही कधीकधी वाटतं. पण दुरून पाहिलं तरी मुळगावकर ओळखू येतात, हे नाकारता येत नाही.

‘प्रभाव सारखा, शैली वेगळी’ याचं याहून स्वच्छ उदाहरण मुंबईतच आहे. 1940च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये आर. के. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे दोघंही व्यंगचित्रं काढत होते. दोघांचा आदर्श एकच: लंडनचा डेव्हिड लो. ब्रशने ओढलेली त्याची ठसठशीत काळी रेषा दोघांच्याही हातात उतरली. पण लक्ष्मणचा दुसरा गुरू होता रस्ता. लहानपणापासून कावळे, झाडं, गल्ल्या समोर बसून रेखाटायची सवय. म्हणून त्याच्या चित्रात पुढाऱ्याइतकंच लक्ष मोडक्या खुर्चीकडे आणि खड्ड्यातल्या पाण्याकडे असतं, आणि चौकड्यांच्या कोटातला सामान्य माणूस बाजूला उभा राहून नुसता बघतो. ठाकऱ्यांचा दुसरा गुरू घरात होता. वडील प्रबोधनकार, म्हणजे सभा आणि झोंबणारा लेख. त्यामुळे त्यांच्या चित्रात मागचा तपशील गळतो, माणूस मोठा होतो आणि मथळा भाषणासारखा येतो. 1960मध्ये ‘मार्मिक’ निघाला तेव्हा या रेषेला तिची खरी जागा मिळाली. राजकारण बाजूला ठेवून दोघांची चित्रं शेजारी लावून बघा. लो दोघांतही आहे, पण दुसऱ्या गुरूने त्याला दोन दिशांना ओढलंय.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एकाच फाइलमध्ये दोघांनी एकाच ओळीवर वेगवेगळे बदल केले की मशीन थांबतं. त्याला मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणतात. कुठला बदल ठेवायचा हे मशीन ठरवत नाही, माणसाला विचारतं. शैली मला अशा थांब्यांची बेरीज वाटते. दोन गुरू एकाच रेघेवर दोन गोष्टी सांगतात, तिथे हात अडतो, आणि मग जे होतं ते तुमचं.

म्हणून आजच्या फीडची मला काळजी वाटते. ती नक्कल शिकवते म्हणून नव्हे. नक्कल तर सगळ्यांनीच केली. काळजी याची की ती भांडण होऊ देत नाही. एका प्रकारचं पोर्ट्रेट लाइक केलं की तसलीच शंभर येतात, सगळे गुरू एकमताचे. 2025च्या मार्चमध्ये प्रत्येकाने आपला फोटो जिबली शैलीत करून घेतला, तेव्हा मशीन कुठेच अडलं नाही. ज्या मियाझाकींची ती शैली, त्यांनी मात्र तरुणपणी आपल्या चित्रांत तेझुकाची छाप दिसते म्हणून ती चित्रं जाळून टाकली होती. ते स्वतःच हे सांगतात. अडणं म्हणतात ते हे.

आमच्या भागात भांडणाला तोटा नाही. चवदार तळ्याचंच घ्या. बाबासाहेबांचा पाठ असलेला चेहरा उतारवयातला: निळा सूट, हातात संविधान. पण 20 मार्च 1927ला ते तळ्याचं पाणी प्यायले तेव्हा पस्तिशीत होते, आणि संविधान दोन दशकांपलीकडे होतं. ओळखू येईल असा चेहरा काढायचा की त्या दिवशीचा? तानाजींचंही तसंच. 2020चा सिनेमा आल्यापासून मी पाहिलेल्या कितीतरी चित्रांत तानाजी त्या नटासारखे दिसतात. उमरठच्या शेतकऱ्याच्या उन्हाने रापलेल्या चेहऱ्याकडे बघून तानाजी काढला तर? पोस्टर आणि शेजारी एकाच कागदावर भांडतील आणि पेन्सिल थोडा वेळ थांबेल.

एलिमेंटरीच्या परीक्षेत स्मरणचित्र आणि वस्तुचित्र असे दोन वेगळे पेपर असतात. एकात पाठ असलेलं काढायचं, दुसऱ्यात समोर ठेवलेलं. ग्रेडसाठी हे ठीक आहे. पण चित्रकार व्हायचं असेल तर हे दोन पेपर एकदा एकाच कागदावर सोडवावे लागतात: डोक्यातला त्रिकोण आणि खिडकीबाहेरचा सपाट माथ्याचा डोंगर, दोन्ही एकाच वेळी. तिथे जी रेघ निघेल ती कदाचित वेडीवाकडी असेल आणि तिला लाइक कमी मिळतील. पण अशी रेघ कुणाच्या वहीत दिसली, तर ती वही मी पुन्हा उघडून बघेन.