दोन पाखरे, एक निबंध

शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना निबंधाचे प्रकार तोंडपाठ असतात : वर्णनात्मक, कल्पनाप्रधान, आत्मवृत्तात्मक आणि वैचारिक. पावसाळ्यातील एक दिवस, मी पंतप्रधान झालो तर, फाटक्या पुस्तकाचे मनोगत, हे त्यांचे ठरलेले विषय. कवितेसाठी रसग्रहण असते, धड्यासाठी प्रश्नोत्तरे असतात. परंतु एक कविता आणि एक कथा शेजारी ठेवून, एकच आशय दोन ठिकाणी कसा निरनिराळा फुलतो याचा शोध घेणारा निबंध क्वचितच लिहून घेतला जातो. तो का लिहून घ्यावा, कसा शिकवावा आणि तो शिकवताना आपण वडीलधारी मंडळी (त्यांत आम्ही धर्मगुरूही आलो) कोठे चुकतो, याचा विचार एका नेमक्या उदाहरणावरून करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उदाहरण दोन सुपरिचित कृतींचे आहे. पहिली रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता. दुसरी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील ‘भूतदया’ ही कथा. दोघेही रत्नागिरी जिल्ह्याचे. टिळकांचा जन्म १८६१ साली करजगावी झाला, गुरुजींचा १८९९ साली पालगडला. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्राने त्यांना हृदयाशी धरले. गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही कृतींत एक पाखरू मरते, आणि दोन्हींत एक आई आहे. तुलनेला एवढे साम्य पुरेसे आहे. किंबहुना, साम्य असल्याशिवाय तुलना संभवतच नाही आणि भेद असल्याशिवाय तिला अर्थ उरत नाही.

आमच्या धर्मग्रामातील काही मुलामुलींकडून मी हा निबंध लिहून घेतला. पहिल्या खेपेस बहुतेक सर्वांचे लेखन एकाच साच्यातून निघाल्यासारखे होते. दोन्ही लेखकांनी भूतदयेचे महत्त्व सांगितले आहे. दोन्हींत पाखराचा मृत्यू होतो. यावरून आपण मुक्या जीवांवर दया करावी हा बोध मिळतो. यातले एकही विधान चुकीचे नव्हते, आणि तरीही मुलांनी काहीच सांगितलेले नव्हते. ती दोन्ही कृती न वाचताही असा निबंध लिहिता आला असता.

याचा दोष मुलांवर लादणे अन्यायाचे होईल. लहानपणी गोष्ट संपली की आपण त्यांना विचारतो, “तात्पर्य काय?” गाईडमध्ये तात्पर्य छापून येते. आणि रविवारच्या प्रवचनात आम्ही तरी दुसरे काय करतो? एखादी कथा घेतो, तिचा बोध काढून भाविकांच्या हाती देतो आणि कथा बाजूला ठेवतो. शहाळ्यातील पाणी काढून घेतल्यावर कवटी फेकून द्यावी, तसे. साहित्य मात्र शहाळ्यासारखे नसते. त्यात पाणी वेगळे आणि कवटी वेगळी अशी सोय नाही.

म्हणून पहिला धडा ‘विषय’ आणि ‘आशयसूत्र’ यांतील फरकाचा. ‘भूतदया’, ‘मातृप्रेम’, ‘मृत्यू’ हे विषय होत. ते एका शब्दात मावतात. आशयसूत्र म्हणजे त्या विषयाबद्दल ही विशिष्ट कृती काय म्हणते, ते. त्यासाठी पूर्ण वाक्य लागते. मी मुलांना सांगितले, “एक शब्द लिहू नका, वाक्य लिहा. आणि ते वाक्य दुसऱ्या कृतीला जसेच्या तसे लावता येत असेल, तर ते खोडा.” या एका अटीने अर्धी वही रिकामी झाली, पण उरलेल्या अर्ध्या वहीत मुले वाचू लागली.

आता कवितेकडे पाहू. घायाळ पक्षिणी पडत, उठत, रक्त गाळीत आपल्या ढोलीकडे परतते. पिल्लांसाठी आणलेला शेवटचा घास ती त्यांना भरवते. सकाळी जिने गाऊन माणसांना रिझवले, तिच्याच उरात माणसाने बाण मारला, ही हकीकत ती स्वतःच्या तोंडाने सांगते. पिल्लांचा सांभाळ यापुढे प्रभू पिता करील, असे म्हणून ती त्यांना ईश्वराच्या हाती सोपवते. आणि मग कवितेतील सर्वांत हृदयद्रावक गोष्ट घडते. आपल्या रक्ताने पिल्लांचे अंथरूण भिजू नये, म्हणून ती मरण्यासाठी ढोलीतून खाली जमिनीवर येते.

येथवर कविता सतरा अक्षरांच्या पृथ्वी वृत्तात चालते. त्या वृत्ताची धडपडती चाल पक्षिणीच्या उडण्याशी अगदी जुळते. शेवटच्या कडव्यात मात्र वृत्त बदलते. चौदा अक्षरांचे वसंततिलका येते. पक्षिणीचे बोलणे थांबलेले असते, माणसाला उद्देशून केलेला उपरोधही थांबलेला असतो. मातीत पसरलेले पंख, वर झालेले पांढरे पोट, उघडी चोच आणि ताणलेले पाय, एवढेच कवी दाखवतो. आधीच्या कडव्यांत नराच्या शौर्याची आणि बुद्धीची जी टर उडवली आहे, ती मला काहीशी उघड वाटते; मरणोन्मुख पाखराच्या तोंडी इतके युक्तिवाद शोभतात का, हा प्रश्न रसिकाने विचारावा. परंतु अखेरीस कवी वाद सोडून केवळ पाहू लागतो, आणि तेथे कविता खरोखर मोठी होते. वृत्तांचे गण मुले पाठ करतात ते गुणांसाठी. पण वृत्त का बदलले हे विचारले की तेच गण बोलू लागतात.

‘भूतदया’ या कथेत कोणी शिकारी नाही. घरट्यातून खाली पडलेले पिल्लू मुलांना सापडते. श्याम आणि त्याची भावंडे आपल्या परीने त्याला जपतात, पण ते जगत नाही. मुले त्याला पुरतात. कवितेत मृत्यूला अपराधी आहे, येथे नाही. येथे प्रेम करूनही मृत्यू येतो. कवितेत माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे, कथेत तो शुश्रूषा करताना दिसतो. आणि मग आई एक अनपेक्षित गोष्ट सांगते. पाखरावर जसे प्रेम केलेत तसेच एकमेकांवर करा, असे ती मुलांना बजावते. मुक्या जिवांवर माया करणारी माणसे आपल्याच भावंडांना अंतर देतात, ही भीती तिच्या मनात आहे. गुरुजींची नेहमीची उणीव येथेही जाणवते. ते वाचकासाठी काही न बोलता ठेवत नाहीत. आईचा उपदेश पुरता उच्चारला जातो. पण त्या उपदेशाचे वळण पाहा. कथेचे नाव ‘भूतदया’ आहे आणि तिचे टोक मात्र घरातल्या भावाबहिणींकडे वळलेले आहे.

‘मुक्या जीवांवर दया करावी’ एवढा बोध घेऊन जो वाचक उठतो, त्याच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते. वाडीच्या वाटणीवरून भाऊ भावाशी बोलत नाही अशी घरे आपल्या धर्मग्रामांत किती आहेत, हे मी सांगायला नको. अशा घरात मांजराला दूध मिळते आणि शेजारच्या खळ्यातल्या काकांना ‘जय येशू’ही मिळत नाही. श्यामची आई त्या घराशीच बोलत होती. आपण तात्पर्याची घाई केली म्हणून ते ऐकू आले नाही. बोधाच्या हव्यासाने बोधच हरवतो, तो असा.

दुसरा धडा रचनेचा. मुले साधारणपणे आधी कवितेचा सारांश, मग कथेचा सारांश आणि शेवटी साम्यभेदांचे चार ओळींचे शेपूट असे लिहितात. ही तुलना नव्हे. हे एकाच वहीत बांधलेले दोन निबंध झाले. त्याऐवजी प्रश्नांवरून परिच्छेद पाडावेत. बोलतो कोण आणि कोणाशी? अपराध कोणाचा? आई काय करते? अखेरीस आपल्या डोळ्यांपुढे काय उरते? प्रत्येक प्रश्नाला दोन्ही कृतींनी त्याच परिच्छेदात उत्तर द्यावे आणि प्रत्येक उत्तराला कृतीतील पुरावा असावा.

पुराव्याचा आग्रह किती आवश्यक आहे, हे एका मुलाच्या निबंधावरून ध्यानात आले. कवितेत ईश्वराला ‘पिता’ म्हटले आहे, कवी ख्रिस्ती आहे, म्हणून ही ख्रिस्ती कविता, असे त्याने लिहिले होते. वाचून मला आनंद झाला हे कबूल करतो. तरीही त्या वाक्याखाली मी रेघ ओढली. ईश्वराला मायबाप म्हणण्याची परंपरा मराठी भक्तिकाव्यात फार जुनी आहे. कवीच्या बाप्तिस्म्याचा दाखला हा कवितेचा पुरावा होऊ शकत नाही.

ही शिस्त मला सेमिनरीत पवित्र शास्त्राच्या वर्गात मिळाली. हरवलेल्या मेंढराचा दाखला मत्तयच्या अठराव्या अध्यायात आहे आणि लूकच्या पंधराव्यातही. मत्तयमध्ये प्रभू तो शिष्यांना सांगतो; मेंढरू भरकटलेले आहे आणि लहानांपैकी एकाचाही नाश होऊ नये यावर भर आहे. लूकमध्ये तो, येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुरणाऱ्या परुश्यांना आणि शास्त्र्यांना सांगितलेला आहे. तेथे भर सापडल्याच्या आनंदावर आहे. मेंढरू एक, पण एका ठिकाणी मेंढपाळांना जबाबदारीची जाणीव दिली आहे, तर दुसऱ्या ठिकाणी रुसलेल्यांना मेजवानीचे आमंत्रण. हे ज्याने एकदा पाहिले, त्याला ‘दोन्हींचा बोध एकच’ असे म्हणवत नाही. कथेचे काव्य होताना काय घडते हे पाहण्याची सामग्रीही आपल्या घरात आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ दिले. त्यातील एखादा प्रसंग शुभवर्तमानाशेजारी ठेवून मुलांना लिहायला सांगावे.

शेवटी एक कबुली. ‘केवढे हे क्रौर्य!’ मी प्रवचनात अनेकदा वापरली आहे. पित्याच्या इच्छेवाचून एक चिमणीही जमिनीवर पडत नाही, हे प्रभूचे वचन आणि पिल्लांना पित्याच्या हाती सोपवणारी ही पक्षिणी, असा तो मेळ. भाविकांना तो दिलासा आवडे; मलाही. दुसऱ्या खेपेच्या निबंधांत एका मुलीने लिहिले की, पक्षिणीने प्रार्थना केली; पण पिल्लांचे पुढे काय झाले ते कवी सांगत नाही. शेवटी जमिनीवर पडलेली आई दिसते, पिल्ले दिसत नाहीत. आणि ‘भूतदया’मध्ये पिल्लू दिसते, त्याची पक्षिणी आई दिसत नाही. म्हणून, ती पुढे लिहिते, कविता जेथे थांबते तेथे कथा सुरू होते. अनाथाला कोण जपणार, हा प्रश्न कविता देवाला सोपवते. कथेत काही मुले हात पुढे करतात, आणि त्यांनाही ते जमत नाही.

मी तो परिच्छेद दोनदा वाचला. कविता दिलासा देते असे मी इतकी वर्षे सांगत आलो होतो. कविता तसे काहीच करीत नाही. ती श्रद्धा उच्चारते आणि उत्तर मोकळे ठेवते. दिलासा मी माझ्या पदरचा घातला होता. आता ती कविता प्रवचनात घेताना मी शेवटच्या कडव्यापाशी थांबतो आणि पुढचे हात कोणाचे, असे विचारतो. हे मला एका शाळकरी मुलीच्या तुलनात्मक निबंधाने शिकवले.

आईवडिलांना एवढीच विनंती. मुलाने गोष्ट वाचून संपवली की तात्पर्य विचारू नका. तिच्याशेजारी ठेवण्याजोगी एक कविता शोधून द्या आणि विचारा, या दोघी एकमेकींशी काय बोलतात? उत्तर यायला वेळ लागेल. तोवर आपणही ती दोन पाने वाचून ठेवावीत.